मौजा बिरसी, साल १९५४

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी आत्याचा फोन आला. मी ऑफिसात एका हट्टी क्वेरीपुढे डोकं धरून बसलो होतो. आत्या फोनवर फार बोलत नाही. "बाबू, तू काम्पुटरवर सारं धुंडतं ना? माह्या मायचा खटला धुंडून दे." एवढं म्हणून तिने फोन ठेवून दिला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. वय एकोणऐंशी. राहते बिरसीला, आमच्या जुन्या घराच्या मागल्या दोन खोल्यांत. बिरसी म्हटलं की गोंदियाकडच्या माणसाला आधी विमानतळ आठवतो. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये इथे धावपट्टी बांधली. पुढे ती बांधकाम खात्याकडे होती, १९९८ मध्ये एमआयडीसीकडे गेली आणि २००५ संपता संपता विमानतळ प्राधिकरणाकडे. आत्याच्या अंगणात चहा घेत बसलं की शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं डोक्यावर घिरट्या घालत असतात. त्यामुळे मी बिरसीचा आहे असं सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "मग, जमीन गेली का?" हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे हाच प्रश्न मला घरच्याच माणसाकडून ऐकावा लागला.

फोनमागची हकीकत अशी. चुलतभावाच्या मुलीला जात पडताळणीसाठी अर्ज करायचा होता. विदर्भात ज्याच्या घरी हा सोहळा झाला आहे त्याला सांगायला नको. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि सोबत प्रतिज्ञापत्रावर वंशावळ. चुलतभावाने वंशावळ व्यवस्थित टाइप करून आणली. आजोबांच्या नावापुढे पत्नी म्हणून एकच नाव होतं. त्याच्या आजीचं.

माझी आजी ही आजोबांची पहिली बायको. १९५३ मध्ये, माझे वडील पाळण्यात असताना, आजोबांनी दुसरी बायको घरात आणली. माझी आजी दोन लेकरं घेऊन माहेरी गेली, बाघ नदीच्या पलीकडे. घरात याची जी गोष्ट सांगितली जाते ती एका वाक्याची आहे : काडीमोड झाली आणि ती निघून गेली. आत्याचं म्हणणं दुसरंच. काडीमोड कधीच झाली नाही, मायने गोंदियाला कोर्टात केस केली, पोटगी लावून घेतली, आणि "मी संग होती." यावर सत्तर वर्षं कोणी विश्वास ठेवला नाही. लहान पोरीला काय आठवणार, म्हणून विषय संपायचा. वंशावळीचा तो कागद पाहिल्यावर मात्र आत्याने थेट मला फोन लावला.

मी अर्थातच आधी लॅपटॉप उघडला. आजकाल न्यायालयाचं सगळं ऑनलाइन असतं असा आपला एक गोड समज असतो. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ चा, लोकांसाठी पोर्टल आलं २०१३ मध्ये. चालू खटल्यांसाठी उत्तम आहे, सोळा अंकाक्षरांचा एक क्रमांक टाकला की तारखेसकट सगळं पुढ्यात. पण १९५४ चा खटला तिथे शोधणं म्हणजे पणजोबांना एसएमएस पाठवण्यासारखं आहे. मग डोक्यात आलं माहिती अधिकाराचं. तेही चुकीचंच. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की न्यायालयीन कागदांच्या नकला हव्या असतील तर त्या न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायच्या. पक्षकार असाल तर साधा अर्ज, त्रयस्थ असाल तर कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र. म्हणजे फिरून बसस्टँड.

ज्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेलो तिथल्या बाबूंनी दोन मिनिटांत माझी सगळी तयारी मोडीत काढली. "साहेब, नंबर आना, साल आना. नावावरून शोधाचं म्हनलं तं जिंदगी निघून जाईन." आमच्या भाषेत बोलायचं तर नावाच्या रकान्यावर इंडेक्सच नाही. जुन्या खटल्याची प्रायमरी की तीन भागांची असते : कोणतं न्यायालय, कोणतं साल, कोणता क्रमांक. क्रमांक दर वर्षी एकपासून सुरू होतो, त्यामुळे सालाशिवाय क्रमांकाला काही अर्थ नाही. त्यातही एक मेख आहे. गठ्ठे लागतात ते निकालाच्या हिशोबाने. डिसेंबरात दाखल झालेलं प्रकरण पुढच्या सालच्या फडक्यात बांधलेलं सापडतं.

साल आत्याकडूनच मिळालं. मी तिला विचारलं की तेव्हा गावात, आजूबाजूला काय चाललं होतं? ती म्हणाली, "बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते ना, तोच उन्हाळा." मी खुर्चीतून उठलोच. डॉ. आंबेडकरांनी भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती मे १९५४ मध्ये, आणि ते हरले. आत्या तेव्हा आठ वर्षांची होती. कोर्टाच्या आवारात लोक त्याच गोष्टी करत होते, असं तिला आठवत होतं. लहान पोरीला काय आठवणार म्हणे!

न्यायालय कोणतं, यात मात्र माझा एक अख्खा शनिवार वाया गेला. आजी माहेरी राहत होती, तेव्हा खटलाही तिकडचाच असणार असं धरून मी बालाघाटला जाऊन आलो. परत आल्यावर गोंदियातल्या एका ज्येष्ठ वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "कलम वाचलं होतं का?" नव्हतं वाचलं. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४८८, त्याचं आठवं पोटकलम. पोटगीचा अर्ज कुठे करायचा, तर नवरा जिथे राहतो किंवा जिथे आहे, किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, तिथे. बायको आता कुठे राहते याला किंमत नव्हती. आजीला नदी ओलांडून, लेकरं घेऊन, ज्या मुलखातून निघून आली तिथेच परत जाऊन उभं राहावं लागलं होतं. बायको राहते तिथेही अर्ज करता येईल ही सोय आली १९७३ च्या संहितेत, कलम १२६ मध्ये.

या कलम ४८८ बद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मला ते वाचताना मजाही वाटली आणि रागही आला. पोटगी ही दिवाणी बाब वाटते. मग ती फौजदारी संहितेत कशी? इंग्रज सरकारला बायकांचा कळवळा होता असं नाही. टाकलेल्या बाया-पोरं रस्त्यावर आली की भटकेगिरी वाढते, आणि भटकेगिरी हा बंदोबस्ताचा प्रश्न. म्हणून मॅजिस्ट्रेटकडे झटपट उपाय, सगळ्या धर्मांना सारखा. महिन्याला जास्तीत जास्त किती, तर शंभर रुपये. ही मर्यादा १९५५ च्या दुरुस्तीने पाचशे झाली आणि पुढे पाचशेची मर्यादा २००१ पर्यंत पुस्तकात राहिली. सेहेचाळीस वर्षं! आज हेच कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने नांदतंय.

आजीच्या कामाची दुरुस्ती मात्र १९४९ ची होती. नवऱ्याने दुसरी बायको केली असेल, तर पहिलीने त्याच्यासोबत राहायला नकार देणं हे योग्य कारण धरावं, असं त्या साली कलमात घातलं गेलं. त्याआधी नवऱ्याने "ये, राहा, कोण नाही म्हणतं?" एवढं म्हटलं तरी बाईची केस लंगडी व्हायची. आणि दुसरी बायको करणं तेव्हा गुन्हा होता का? इथे नकाशा आडवा येतो. मुंबई प्रांतात हिंदूंमधल्या द्विभार्या विवाहाला १९४६ च्या कायद्याने बंदी होती. पण १९५३ मध्ये बिरसी मुंबईत नव्हतीच. ती होती मध्यप्रदेशात, राजधानी नागपूर. आमच्याकडे तसली बंदी आली १८ मे १९५५ ला, हिंदू विवाह कायद्याबरोबर. म्हणजे आजोबांनी हेच लग्न पुण्याला केलं असतं तर ते रद्दबातल, बिरसीला केलं म्हणून कायदेशीर. दोन वर्षांचा आणि काही शे किलोमीटरचा फरक. (आमच्या दुसऱ्या आजीलाही यात कोणी काही विचारलं नव्हतं, हेही खरंच.)

जुने कागद शोधणाऱ्याला हा नकाशा सारखा पायात येतो. आमच्या भागाचा जिल्हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आले, १९६० ला महाराष्ट्र झाला. बालाघाट तिकडेच राहिला, आणि आजीचं माहेर आणि सासर दोन राज्यांत गेलं. उच्च न्यायालयही हललं : नागपूरला १९३६ पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होतं, ते १९५६ मध्ये मध्यप्रदेशासोबत जबलपूरला गेलं आणि नागपूरला मुंबईचं खंडपीठ राहिलं. त्याहून जुने कागद बघाल तर तहसीलच वेगळी. १९०८ च्या भंडारा गॅझेटियरमध्ये जिल्ह्याच्या तीनच तहसिली आहेत, भंडारा, तिरोडा आणि साकोली. आणि वर हा घोळ, की "मौजा बिरसी" म्हटलं की समोरचा विचारतो, "कोणती? तिरोड्याकडची का?" तिकडे बिरसी फाटा आहे. नुसत्या गावाच्या नावावर भरवसा ठेवलात तर दुसऱ्याच घराची भांडणं वाचत बसाल.

आणखी एक. त्या काळी मॅजिस्ट्रेट म्हणजे फक्त न्यायाधीश नव्हे. महसुली अधिकाऱ्यांकडेच मॅजिस्ट्रेटचे अधिकार असायचे, देशभर हे पुरतं वेगळं झालं ते १ एप्रिल १९७४ पासून. तेव्हा पन्नासच्या दशकातलं पोटगी प्रकरण न्यायालयाच्या अभिलेखात असेल किंवा महसूलच्या. दोन्ही दारं ठोठवायची. मी दोन्ही ठोठावली. एका ठिकाणी तिसऱ्या खेपेला उत्तर मिळालं : त्या सालची पोटगीची प्रकरणं मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केलेली आहेत.

यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. जुने कागद नष्ट करण्यासाठी कायदाच आहे, १९१७ चा. त्याखाली कोणता कागद किती वर्षं ठेवायचा याचे वर्ग ठरतात. काही कायमचे, काही तीस वर्षांचे, काही त्याहून कमी. जागा मोजकी, वाळवी भरपूर, काहीतरी जाळावंच लागणार हे मलाही पटतं. सर्व्हरवरचे जुने लॉग मी स्वतः दर रविवारी उडवतो. पण ते वर्ग वाचताना एक गोष्ट टोचत राहिली. स्थावर मालमत्तेचा निकाल कायमचा. बाईला महिन्याला मिळणारे पैसे, तिची साक्ष, तिचा अंगठा, हे मुदतीचं. नवराही मेला, बाईही मेली, मग त्या कागदाचं काय काम? शेत मात्र तिथेच असतं.

दुसऱ्या कागदांतही आजी नव्हती. कोतवाल बुकात वडिलांच्या जन्माची नक्कल काढली, तर त्यात तारीख आहे, बापाचं नाव आहे, जात आहे, "लडका" असं लिहिलं आहे. आईचा रकानाच नाही. १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात आजोबा. त्याआधीच्या बंदोबस्ताच्या मिसलीत पणजोबा.

मी हरल्यासारखा बिरसीला गेलो. आत्याला सांगितलं, खटला जळाला. ती काही बोलली नाही, तांदूळ निवडत राहिली. तेवढ्यात चुलतभाऊ आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्याने विचारलंच. "तू सारखा गोंदियाला येतोस म्हणे. जमिनीचं काही काढतोयस का?" मी नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नसावा. मी त्याच्या जागी असतो तर माझाही बसला नसता, विमानतळाच्या गावात जुने कागद कोणी हौसेने काढत नाही.

पण जमीन म्हटल्यावर माझ्या डोक्यात उशिराने दिवा लागला. आजोबा वारले १९६६ मध्ये, आणि पुढे वाटणीचा दावा झाला होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याने तो कधी जमेस धरला नव्हता. "वाटनीचा दावा अलग, मायचा खटला अलग." मी तलाठ्यांकडे जुना फेरफार मागितला. १९७० ची नोंद, एका ओळीत : दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे, आणि पुढे दाव्याचा क्रमांक आणि साल. तीन खेटे घालून जी की मिळाली नव्हती ती शेताच्या कागदावर लिहून ठेवलेली होती. कोणाला घरचा जुना खटला शोधायचा असेल तर माझं ऐका, कोर्टात नंतर जा, आधी फेरफार बघा.

मग अर्ज. मजकूर चार ओळींचा : दाव्याचा क्रमांक, साल, पक्षकारांची नावं, आणि निकालपत्र व हुकूमनाम्याची नक्कल हवी. कोर्ट फीचा स्टॅम्प, पक्षकाराशी नातं, ओळखपत्राची प्रत. आत्या स्वतः त्या दाव्यात पक्षकार होती म्हणून अर्ज तिच्याच नावाने केला, तिने वेळ घेऊन, नीट जोडाक्षरांसह सही केली. शोधाला काही आठवडे लागले. नक्कल हातात आली तेव्हा मागच्या बाजूला तीन तारखा होत्या : अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. अपिलाची मुदत मोजताना नकलेत गेलेले दिवस वगळतात, म्हणून ही पद्धत. आमच्या अपिलाची मुदत संपूनही अर्धशतक झालं होतं, तरी तारखा चोख घातलेल्या.

निकाल १९६९ चा, टाइप केलेला, इंग्रजीत. मोडी असेल की काय म्हणून मी उगाच घाबरलो होतो. तेरा पानांतली बहुतेक पानं खसरा क्रमांक, विहीर आणि बैलजोडीवर खर्च झालेली. सातव्या पानावर आजी आली.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की जातपंचायतीपुढे काडीमोड झाली होती, सबब ही विधवाच नव्हे. रूढीने होणारी काडीमोड कायद्याने मान्य होती, १९५५ च्या कायद्यातही ती कलम २९ मध्ये राखलेली आहे, त्यामुळे मुद्दा पोकळ नव्हता. पण ती शाबीत करावी लागते. न्यायाधीशांनी लिहिलंय की पंचांपैकी एकही साक्षीला आला नाही. आणि मग निशाणी सत्तावीस : गोंदियाच्या मॅजिस्ट्रेटने १९५४ मध्ये दिलेल्या पोटगीच्या आदेशाची नक्कल. त्या प्रकरणात नवऱ्याने लग्न कबूल केलं होतं, बायकोने दुसऱ्या लग्नामुळे नांदायला नकार दिला होता आणि महिना पंचवीस रुपये ठरले होते. सोडून दिलेल्या बाईला हा माणूस बारा वर्षं, मरेपर्यंत पैसे का देत राहिला, असा सवाल करून न्यायाधीश पुढच्या मुद्द्याकडे गेले आहेत. एवढंच. तीन वाक्यं आणि एक सवाल.

निशाणी सत्तावीस स्वतः फायलीत नाही. पण निकालपत्र कायमच्या वर्गातलं, म्हणून ही तीन वाक्यं राहिली. आजीची केस टिकली ती साडेसात एकराच्या पाठीवर बसून.

हुकूमनामा वाचताना आणखी एक गोष्ट कळली. हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम १०, पहिला नियम : विधवा एकाहून जास्त असतील तर सगळ्यांना मिळून एक वाटा. मुलांना एकेक, मुलींना तितकाच. म्हणजे ज्या दोघी आयुष्यभर एका छपराखाली राहिल्या नाहीत, त्यांना कायद्याने एका वाट्यात घातलं. अर्धा हिला, अर्धा तिला.

गेल्या रविवारी बिरसीला जाऊन मी ती नक्कल आत्याला वाचून दाखवली. इंग्रजी मजकूर, त्याचं मराठी करत करत. निकालात आजी कुठे "वादी क्रमांक एक" आहे, कुठे "अर्जदार". मी तसंच वाचत होतो, आत्याने दोनदा थांबवून विचारलं, "हे कोन?" मग मी सरळ "माय" म्हणायला लागलो. चुलतभाऊही येऊन दाराशी उभा होता. सातवं पान झाल्यावर त्याने नक्कल मागितली, उभ्याउभ्याच ते पान पुन्हा वाचलं, आणि म्हणाला, "याची एक झेरॉक्स देशील? वंशावळ परत करावी लागेल." आत्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"पंचवीस लिवलं हाये का?"

"हो. महिना पंचवीस."

"वीसच देत जाय," आत्या म्हणाली. "माय मोजाले मलेच देत होती."